नंबर तोच, माणूस तोच

"तुमच्या त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नुसतं नमस्कार म्हणायला पाच ओळी लागतात, वैजयंतीबाई," मगदूमसाहेब म्हणाले. "आणि मला हात एकच आहे."

हात त्यांना दोन होते. पण आठवड्यातल्या तीन दुपारी त्यांचा डावा हात डायलिसिसच्या मशीनला दिलेला असायचा. त्यात दोन जाड सुया. एकीतून रक्त मशीनमध्ये जायचं, दुसरीतून साफ होऊन परत यायचं, आणि तेवढा वेळ तो हात हलवायचा नाही. उरलेल्या उजव्या हाताने, मांडीवर उशी आणि उशीवर जुना लॅपटॉप ठेवून, त्यांनी इचलकरंजीच्या आमच्या धर्मादाय केंद्राचा सगळा कारभार लिहून काढला होता. कोण कुठल्या पाळीला येणार, कुठली खुर्ची रिकामी झाली, रांगेत पुढे कोण, कुणाच्या फोनवर काय मेसेज जायचा, सगळं त्या लॅपटॉपमधून चालायचं.

मी तो कारभार मोडीत काढायला आले होते, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

लग्न होऊन मी पुण्याची नोकरी सोडून इचलकरंजीत आले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. घरात बसून डोकं गंजायला लागलं होतं. सासरे केंद्राच्या ट्रस्टवर होते. जयसिंगपूर आणि पेठवडगावला नवी केंद्रं निघणार म्हणून ते एका जेवणात म्हणाले, "त्या मगदूमांनी कायतरी जुनाट करून ठेवलंय. त्यांच्याशिवाय कुणाला कळत नाही. उद्या त्यांचं काय बरंवाईट झालं तर आमची पंचाईत. तू नीट नवं करून दे." मी पुण्यात मोठ्या बँकांची सॉफ्टवेअर लिहिलेली बाई. मला वाटलं, महिनाभराचं काम.

ते जुनाट म्हणजे शेल स्क्रिप्ट. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करून संगणकाकडून काम करून घ्यायची ही जुनी पद्धत. ही फाइल इथून तिथे हलव, यातली नावं लावून दे, ते मोज, हे शोध. त्याच आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. मगदूमसाहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर एक्स्चेंजची यंत्रं असल्या आज्ञांवर चालवलेली. आज्ञाही दोन-दोन अक्षरांच्या. एका हाताने लिहिणाऱ्या माणसाला याहून सोयीची भाषा सापडली नसती, हे मला नंतर कळलं. आधी मी नाकच मुरडलं होतं.

कारण ते वाढत गेलं होतं. सुरुवातीला म्हणे एकच स्क्रिप्ट होती, उद्या कुणाची पाळी ते सांगणारी. मग मेसेज पाठवणारी दुसरी आली. मग सुटीच्या दिवसाची तिसरी. एकीचं उत्तर दुसरीला, दुसरीचं तिसरीला. वाट्टेल तिथे खोली काढत गेलेल्या घरासारखं झालं होतं सगळं. आता स्वयंपाकघरात जायचं तर बाथरूममधून जावं लागत होतं.

"बघा, पडत तर नाही ना घर," मी हे बोलून दाखवल्यावर ते म्हणाले होते.

"पडलं तर कळेल कसं? तुमच्या स्क्रिप्टा बोलतच नाहीत."

"काही बिघडलं नाही तर बोलायचं कशाला? आमच्यात तशीच पद्धत. काम झालं की गप्प बसायचं. पडद्यावर काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक."

"आणि मधली एखादी स्क्रिप्ट मेली, तर तीही गप्पच बसते. पुढची आपली रिकाम्या हाताने काम करत राहते."

यावर ते हसले. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा होता, पण हसले की माणूस एकदम तरुण दिसायचा. "सासऱ्यांनी चांगली शिकलेली सून आणली," ते शेजारून जाणाऱ्या शकिलाला म्हणाले.

शकिला मुल्ला केंद्राची तंत्रज्ञ. सुया टोचणं, मशीन लावणं, रुग्णांची वजनं, त्यांना पाणी जास्त प्यायल्याबद्दल रागावणं, सगळं तिच्याकडे. "काका, बोलू नगा जास्त," ती म्हणाली. "बीपी बघा कुटं गेलंय. आनि वैनी, तुमी बी त्यास्नी चिडवू नगा."

खरं सांगायचं तर मला त्यांचा लळा लागला होता. महिन्याचे तीन महिने झाले तरी माझं काम संपलं नव्हतं, आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. मी एखादी गोष्ट दोन दिवस खपून लिहायची. ते पिशवीतून बोरं काढावीत तसं एका ओळीत तेच करून दाखवायचे. एकदा ट्रस्टला हवं होतं, गेल्या वर्षात कुणाकुणाच्या पाळ्या सर्वांत जास्त चुकल्या. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत देते. त्यांनी एका हाताने चार आज्ञा एकापुढे एक जोडल्या आणि चहा यायच्या आत नावं पडद्यावर. मी म्हटलं, ही जादू आहे. ते म्हणाले, जादू नव्हे, सवय. पण खूश झाले.

त्यांच्या व्यवस्थेचा प्राण एका गोष्टीत होता, ती इथे सांगायला हवी. नाव नोंदवलेल्या प्रत्येक माणसाची एक छोटी फाइल. फाइलीला नाव माणसाचं नाही, त्याच्या मोबाईलचा नंबर. "नावं दोघांची सारखी असतात हो. आमच्यात तर बाबासो आणि आण्णासो यांच्यापलीकडे नाव नाही. नंबर कुणाचा सारखा नसतो." रांग म्हणजे या नंबरांची यादी. खुर्ची रिकामी झाली की यादीतला पहिला नंबर उचलायचा, त्या नंबराच्या फाइलीतून नाव घ्यायचं आणि त्याच नंबरावर मेसेज पाठवायचा.

खुर्ची रिकामी कशी होते, हे केंद्रात कुणी बोलायचं नाही. बहुतेक वेळा एकाच कारणाने होते. एखाद्या सोमवारी कुणी आलं नाही की बाकीचे आपापल्या छताकडे बघत पडून राहायचे आणि शकिला त्या खुर्चीवरची चादर बदलायची.

तो दिवस मार्चमधला होता. उन्हं तापायला लागली होती आणि आत पंखे गरगरत होते. मी माझ्या प्रोग्रॅममध्ये नोंदणीचा भाग लिहीत होते, म्हणून सहज विचारलं, "साहेब, एका नंबरावर दोन माणसं आली तर तुमच्याकडे काय होतं?"

"येत नाहीत."

"समजा आली."

"अहो, तोच नंबर पुन्हा आला म्हणजे माणूस तोच. लोक दोन-दोनदा नाव नोंदवतात. पत्ता बदलला, रिपोर्ट नवा आला, पुन्हा येतात. म्हणून रांगेत नंबर आधीच असेल तर स्क्रिप्ट त्याला परत घालत नाही, त्याची जागा तीच ठेवते. नुसती फाइलीतली माहिती नवी करते."

"म्हणजे जुन्यावर नवं लिहिते."

"हां."

"न विचारता."

"विचारायचं कुणाला? मी इथं सुया टोचून पडलेला असतो."

मला जरा चेव आला. "नवरा-बायको असतील. बापलेक असतील. खेड्यात घरात एकच फोन असतो."

"नवरा-बायको दोघांची किडनी गेलेली मी तरी पाहिली नाहीत अजून." ते मजेत होते. "थांबा, तुमची शंका मिटवतो. रोज सकाळी मी सगळ्या फाइलींची एक नक्कल काढून ठेवतो, पहिल्या दिवसापासून. नंबर तोच पण आतलं नाव बदललंय, असं कुठं झालंय का, एवढंच शोधायचं ना? तुम्हाला तुमच्या भाषेत आठवडा लागेल."

"शोधा."

त्यांनी लिहिलं. उजव्या हाताची बोटं कळफलकावरून या टोकाहून त्या टोकाला उड्या मारत जायची, बघत राहावंसं वाटायचं. ओळ लांबली, पडद्याच्या कडेला जाऊन खाली वळली. "काही येणार नाही," ते म्हणाले. "काही आलं नाही, की मानायचं हरलात म्हणून." आणि बटण दाबलं.

लॅपटॉप जुना, जरा घरघरला. मग पडद्यावर एक ओळ आली.

एकच. त्यात एक नंबर, त्यापुढे पद्मावती शेंडुरे, हुपरी. त्यापुढे उज्ज्वला लोहार, हुपरी.

मी जिंकल्याच्या आनंदात काहीतरी बोलणार होते. पण त्यांच्याकडे पाहिलं. ते ती ओळ पुन्हापुन्हा वाचत होते. मग त्यांनी मान वळवून खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत उज्ज्वला लोहार पदर तोंडावर घेऊन झोपली होती. तीसेक वर्षांची बाई. पंधरवड्यापूर्वी रांगेतला पहिला नंबर आला म्हणून तिला खुर्ची मिळाली होती.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पद्मावती शेंडुरे नावाची बाई कित्येक महिने रांगेत होती. सरकत सरकत ती पहिली आली होती. आणि नेमकी तेव्हा तिच्याच गावची उज्ज्वला नाव नोंदवायला आली, तिने नंबर दिला तोच. स्क्रिप्टने मानलं, माणूस तोच. पद्मावतीच्या फाइलीवर उज्ज्वलाची माहिती लिहिली आणि रांगेतली जागा होती तिथेच ठेवली. खुर्ची रिकामी झाली. मेसेज गेला, उज्ज्वलाच्या नावाने.

"तिला विचारते," मी उठले.

त्यांनी माझी ओढणी धरली. "नको. मशीनवर आहे ती. धक्का बसून बीपी खाली गेलं तर शकिलाची धावपळ होईल. त्या नंबरावर फोन लावा."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला. एका पुरुषाने उचलला. हुपरीचा चांदीचा व्यापारी होता. पैंजणांना घुंगरू जोडायचं काम तो गल्लीतल्या बायकांना घरी द्यायचा. दोघी त्याच्याच कामाच्या. "नंबर व्हय? समद्या गल्लीचा ह्योच नंबर हाय, ताई," तो म्हणाला. "बँकेत, शाळंत, दवाखान्यात, समदीकडं माझाच देत्यात. निरोप आला की मी पोचवतो." पद्मावती शेंडुरे कशा आहेत विचारलं तर म्हणाला, "पद्माक्का व्हय? हाय की घरात. जरा सुजल्यात. कोल्लापूरला मशीनवर जायाचं बंद केलंय त्यांनी. तुमचा मेसेज आलता न्हवं का, पयला नंबर हाय, जागा झाली की कळवतो म्हणून. तवापासनं वाट बघत्यात."

मी आत येऊन सांगितलं. साहेबांनी मशीनवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांचे दोन तास राहिले होते.

"शकिला, काढ मला," ते म्हणाले.

"काका, येडं का खुळं? निम्मं बी झालं न्हाई."

"काढ म्हणतो ना."

ती काढायला तयार नव्हती. मी म्हटलं, मी एकटी जाते, घेऊन येते. पण ते ऐकेनात. शेवटी शकिलाने डॉक्टरांना फोन केला, साहेबांच्या सहीचा कागद घेतला आणि ओठ घट्ट मिटून सुया काढल्या. त्यांच्या दंडाखाली कापूस दाबून धरत ती एवढंच म्हणाली, "सोमवारपातूर पाणी प्यायचं न्हाई, नुसता घोट घोट."

माझ्या मारुतीतून आम्ही हुपरीला गेलो. रस्त्यात मीच बोलत होते, धीर द्यायला म्हणून काहीबाही. पंधरा दिवसांचीच तर गोष्ट आहे, कोल्हापूरला मध्ये एखादी खेप झाली असेल, असं. त्यांनी एकदाच विचारलं, "तुमच्या प्रोग्रॅममध्ये हे झालं असतं का?"

"नाही," मी म्हटलं. मग खरं तेच सांगितलं. "दुसरं काहीतरी झालं असतं."

पद्माक्कांचं घर गल्लीच्या आतल्या अंगाला होतं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, ओट्यावर चटई. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. चेहरा आणि हात फुगलेले, बांगड्या मनगटात रुतलेल्या. पायात जागा उरली नव्हती म्हणून जोडवी काढून शेजारी ठेवलेली. बसूनही त्यांना धाप लागत होती. व्यापाऱ्याने आमच्याआधी निरोप दिला होता, कारण आम्हाला पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि आत बघून कुणाला तरी हाक मारली, "पावनं आल्यात, पानी द्या."

"पाणी नको," साहेब म्हणाले. "मलाही चालत नाही."

"तुमी बी आमच्यातलेच व्हय?" त्या हसल्या. मग त्यांना कुणी सांगितलं असावं, किंवा चेहऱ्यावरून कळलं असावं. "मगदूमसायेब तुमीच न्हवं? यादी करनारे?"

"मीच."

"बसा की."

साहेब ओट्याच्या कडेला बसले. मी उभी राहिले. त्यांनी काही बोलायच्या आत पद्माक्काच बोलायला लागल्या. दोन शब्द झाले की थांबून श्वास घ्यायच्या.

"मी सांगनारच हुतो तुमास्नी, कवा भेटलासा तर. बरं केलंसा. उज्जीला आदी घेतलंसा ते. तिची दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पितंय. मी म्हटलं, माझा पयला नंबर हुता, मग हिचं नाव कसं आलं? जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, बगितलं असंल त्यांनी, कुनाची गरज जास्त. यादी करनाऱ्याला बी मन हाय. आता फुडचा नंबर माझाच. थांबलोय मी."

गल्लीत कुणीतरी चांदीची तार ठोकत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. मी साहेबांकडे पाहत होते. मला वाटत होतं, आता नुसतं हो म्हणा. हो म्हणा आणि चला गाडीत, एवढंच तर करायचंय. या बाईने स्वतःच आपल्यासाठी एक कारण शोधलंय आणि त्यावर ती पंधरा दिवस जगली आहे. ते काढून घेऊन कुणाचं काय भलं होणार आहे?

"मी तसं काही बघितलं नव्हतं, आक्का," साहेब म्हणाले.

पद्माक्कांना कळलं नाही.

"दोघींचा नंबर एकच होता. उज्ज्वलानं नाव नोंदवलं तेव्हा तुमचं नाव पुसलं गेलं. माझ्या लिहिण्यातली चूक. तुम्ही यादीत नव्हता."

"नव्हतो?"

"नव्हता."

"म्हंजे कुटंच न्हवतो व्हय? शेवटाला बी?"

"नाही."

पद्माक्कांनी भिंतीवरची पाठ सोडवून घेतली. पुढे वाकल्या. मला वाटलं, आता त्या चिडतील, शिव्या देतील, आणि दिल्या तर बरं होईल. त्यांनी विचारलं, "मग उज्जीला कुनी निवडलं?"

"कुणी नाही," साहेब म्हणाले.

"कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही."

त्यांनी मान हलवली, जणू एखादा पत्ता समजावून घ्यावा तशी. मग आत पाहून म्हणाल्या, "चटई उचला गं." आणि उठायला हात पुढे केला. तो हात साहेबांनी धरला. सुया काढलेला हात त्यांना वापरता येत नव्हता, म्हणून त्यांनी उजव्या हाताने धरला आणि दुसऱ्या बाजूने मी.

गाडीत पद्माक्का मागच्या सीटवर काच उघडी ठेवून बसल्या होत्या. मी आरशातून त्यांच्याकडे बघत होते. त्या बाहेर बघत होत्या, उसाच्या रिकाम्या रानांकडे. कुणावर राग दिसत नव्हता. पण ओट्यावर बसल्या असताना चेहऱ्यावर जे होतं, आपली कुणीतरी दखल घेतली आहे असं वाटणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं ते, ते आता तिथे नव्हतं. मला साहेबांचा भयंकर राग आला होता.

केंद्रात पोचल्यावर शकिलाने पद्माक्कांना वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून माझ्याकडे पाहिलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली, म्हणाले, इथे नाही, कोल्हापूरला हलवा, लगेच. रिकामी झालेली साहेबांची खुर्ची चादर बदलून तयार होती. पद्माक्का तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत. अँब्युलन्समध्ये त्यांच्याबरोबर त्यांचा भाचा गेला. दुसऱ्या दिवशी त्या वारल्या.

साहेब पुढच्या पाळीला आले तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले नाही. त्यानंतरच्या पाळीला गेले. लॅपटॉप बंद होता.

"सांगायला नको होतं तुम्ही," मी म्हटलं. आवाज मला आवरत नव्हता. "गाडीत बसवून आणायचं होतं फक्त. मरताना तिला काय मिळालं? यादीत नव्हते, एवढंच."

"खोटं श्रेय घेऊ?"

"हो. घ्यायचं होतं. तुमची चूक तुमच्याजवळ ठेवायची होती."

"वैजयंतीबाई," ते म्हणाले, "ती म्हणाली, यादी करणाऱ्याला मन आहे. ते ऐकून मी गप्प बसलो असतो, तर परत कधी त्या यादीला हात लावता आला नसता मला." थोड्या वेळाने म्हणाले, "तसा तो आताही लावता येत नाहीच."

त्यांनी लॅपटॉप मला देऊन टाकला. सगळ्या स्क्रिप्टा, सगळ्या नकला. मी रात्रंदिवस बसले नाही, पण नेट लावून बसले. पावसाळ्यात माझा प्रोग्रॅम सुरू झाला. त्यात प्रत्येक माणसाला स्वतःचा क्रमांक होता, नंबर सारखा आला तर लाल अक्षरांत विचारणा यायची, काही अडलं तर तीन ठिकाणी घंटा वाजायची. जयसिंगपूर आणि पेठवडगावही त्यावर आलं. लोक मला चांगलं म्हणाले. सासऱ्यांनी ट्रस्टच्या बैठकीत माझं कौतुक केलं आणि मगदूमांच्या आजवरच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव झाला. त्या ठरावाचा कागद मी त्यांना नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो न वाचता उशीखाली ठेवला.

मशीन लावून पडलेला माणूस काय करतो? साहेब आता छताकडे बघत पडायचे. शकिला त्यांना काहीतरी बोलतं करायला बघायची. एकदा ती म्हणाली, "काका, मला शिकवा की तुमचं ते दोन अक्षरांचं." त्यांनी डोळे मिटून घेतले.

पाळ्यांचा फेरबदल झाला आणि उज्ज्वला लोहार त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आली. मला ते आवडलं नव्हतं, पण माझ्या प्रोग्रॅमने तशी मांडणी काढली होती आणि ती बदलायला सांगण्यासारखं कारण मी कुणाला सांगू शकत नव्हते. उज्ज्वलाला दोघींच्या नंबराची गोष्ट माहीत नव्हती. हुपरीत पद्माक्कांच्या भाच्याशिवाय कुणालाच नव्हती. त्याला आम्ही सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला होता की आता बोलून काय.

एका दुपारी मी दोघांच्या मधल्या स्टुलावर बसून पुढच्या आठवड्याची मांडणी तपासत होते. उज्ज्वलाने अचानक पदर बाजूला केला.

"ताई, एक इचारू?"

"विचार की."

"पद्माक्का गेल्या न्हवं. त्याच्या आदी मला म्हणाल्या हुत्या, तुझी लेकरं ल्हान म्हणून तुला आदी घेतलं त्यांनी, माझ्या मागनं तू आलीस तरी. तू वाईट वाटून घेऊ नगंस म्हणाल्या." तिचा आवाज बारीक झाला. "मला हितं झोपलं की तेच येतं डोक्यात. खरं का ओ ते? तुमी लोकांनी बगून ठरवलं हुतं?"

तिच्या हातातल्या नळ्यांमधून रक्त जात होतं, येत होतं. शेजारी साहेब जागे होते. त्यांची मान आमच्याकडे वळलेली होती आणि ते माझ्याकडे सरळ बघत होते.

"हो," मी म्हटलं. "साहेबांनी बघून ठरवलं होतं. तुझी पोरं लहान म्हणून."

उज्ज्वलाने मोकळ्या हाताने डोळे पुसले. त्यांच्याकडे वळून तिने तोच हात कपाळाला लावला, नमस्कार केल्यासारखा. मग बऱ्याच दिवसांनी झोप लागावी तशी ती झोपली. तोंड जरा उघडं राहिलं होतं.

मी साहेबांच्या बोलण्याची वाट पाहत होते. माझ्याजवळ उत्तर तयार होतं. हिला आठवड्यातून तीनदा या खुर्चीत झोपायचंय, जगेल तितकी वर्षं, असं मी म्हणणार होते.

"वैजयंतीबाई," ते हळूच म्हणाले.

"बोला."

त्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. तिचा श्वास संथ चालला होता, मशीनचं चाक फिरत होतं.

"काही नाही," ते म्हणाले. सुया लावलेल्या हातामुळे त्यांना कूस बदलता येत नव्हती. त्यांनी नुसतं तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मी पडद्यावरची मांडणी बंद केली आणि शकिलाला बोलवायचं नाही असं ठरवून तिथेच बसून राहिले.